वळकटी कोणीं बांधावी?

वैशाख लागला म्हणजे आमच्या घरीं पन्हें, पापड आणि पाहुणे यांची गर्दी होते. यंदा तिच्यांत एका छापील कागदाची भर पडली. आमच्या धाकट्या पुतण्याच्या शाळेनें वसईजवळ भुईगांव येथें, समुद्रकांठच्या सुरूच्या बनांत, पांच रात्रींची छावणी योजिली होती आणि सोबत न्यावयाच्या चौदा वस्तूंची यादी पाठविली होती. मुलगा नऊ वर्षांचा. घरावेगळा एक रात्रहि राहिलेला नाहीं. जेवणें आटोपल्यावर ती यादी माजघरांत वाचली गेली आणि निजावयाची वेळ होईपर्यंत चौदांच्या एकेचाळीस वस्तु झाल्या.

वाढलेल्या सत्तावीस वस्तूंकडे पाहिलें तेव्हां ध्यानांत आलें कीं त्यांतील एकहि मुलाची नाहीं. मातोश्रींस पहांटे थंडी वाजते, म्हणून मुलानें मे महिन्यांत शाल न्यावयाची. आमच्या बंधूंचें एकदां प्रवासांत पोट बिघडलें होतें, म्हणून त्यानें औषधांच्या सात बाटल्या न्यावयाच्या. प्रत्येकजण आपापली काळजी त्याच्या पाठीवर बांधावयास बसला होता.

दोन वर्षांपूर्वीं याच मुलाचा थोरला चुलतभाऊ अशाच एका छावणीस गेला होता. त्याची वळकटी आम्हीं वडील मंडळींनीं मिळून बांधली. गुडघा देऊन, दोर आवळून, अशी कीं उचलणाऱ्यानें वाहवा करावी. मुलगा परत आला तेव्हां तिचें वर्म कळलें. एकदां सोडली तर ती पुन्हां बांधतां येणार नाहीं, या धास्तीनें त्यानें ती सोडलीच नव्हती. चार रात्रीं तो शेजारच्या मुलाच्या सतरंजीच्या कडेवर, पिशवी उशाला घेऊन निजला होता. आणि पिशवींतील सहा सदरे आम्हीं घातलेल्या घडीसह परत आले होते. अंगावरील सातव्या सदऱ्याविषयीं आम्ही येथें कांहीं लिहीत नाहीं.

तेव्हां यंदा ठराव केला कीं जें मुलाला आपल्या हातानें बांधतां व सोडतां येत नाहीं, तें त्यानें नेऊं नये. तीन दिवस माजघरांत कवायत चालली. दिवे मालवून आम्ही म्हणावें, "बॅटरी काढ." पहिल्या दिवशीं साबण निघाला. तिसऱ्या दिवशीं वीस मोजण्याच्या आंत बॅटरी हातांत आली.

ही कल्पना कांहीं आमची नव्हे. १९०७ च्या ऑगस्टांत बेडन पॉवेल यांनीं इंग्लंडांतील ब्राउनसी बेटावर सुमारें वीस मुलांची पहिली बालवीर छावणी भरविली. तींत बड्या शाळांतील मुलें आणि साध्या घरचीं मुलें एकत्र करून त्यांच्या चार टोळ्या पाडल्या आणि प्रत्येक टोळीचा कारभार तिच्यांतीलच एका मुलाकडे सोंपविला. आपल्याकडे १९४१ सालीं निघालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांतूनहि जातपात न पाहतां मुलें एकत्र राहिलीं, जेवलीं. वडील माणसांनीं थोडें दूर उभें राहावें, ही त्यांतील अवघड अट आहे.

सामान मात्र जागेला धरून असावें. वसई रोड स्थानकापासून पश्चिमेकडे केळी-नारळीच्या वाड्यांमधून रस्ता जातो. त्या वाड्यांस पाणी पुरविणारीं जुनीं तळीं, ज्यांस तिकडे बावखल म्हणतात, तीं अजून कोठें कोठें दिसतात. समुद्राजवळ खाजण, सुरू आणि वाळू. मे महिन्यांत तेथें उन्हापेक्षां दमटपणा जाचतो. घामाचा सदरा रात्रभर दोरीवर टाकला तरी सकाळीं ओलसरच हातीं येतो. म्हणून कपडे विरळ सुती असावेत आणि एखाद-दुसरा अधिक असावा. तिन्हीसांजेस डांस येतात, त्यासाठीं पूर्ण बाह्यांचा सदरा व लांब विजार. सुरूचीं लहानशीं काटेरी फळें अनवाणी पायांस चांगलींच बोंचतात, तेव्हां मागें पट्टा असलेल्या चपला. खाऱ्या पाण्यानें भिजलेल्या कपड्यांस वेगळी पिशवी द्यावी, नाहींतर सारी वळकटी चिकट होते. वळवाची सर आलीच तर एक मेणकापड. नेहमींचें औषध असेल तें चिठ्ठीसह शिक्षकांच्या हातीं.

समुद्र हा पिशवींत भरण्याचा विषय नव्हे. तरी शाळेंत जाऊन दोन प्रश्न आम्हीं विचारलेच. भरती-ओहोटीच्या वेळा कोण पाहतें? आणि पाण्यांतून बाहेर आल्यावर मुलें कोण मोजतें? उत्तर देणाऱ्या बाईंस राग आला नाहीं, यावरून आमचें समाधान झालें.

फराळाच्या डब्यावरून घरांत दोन दिवस अबोला होता. आमचें म्हणणें असें कीं जो लाडू साठ मुलांस पुरत नाहीं, तो छावणींत पंक्तिभेद करतो. सर्वांदेखत खावा तर लाज, पांघरुणांत खावा तर मुंग्या. अखेर प्रवासापुरत्या दशम्या, त्याहि चौघांस पुरतील इतक्या, आणि वसईकडची सुकेळी मिळाल्यास घेण्यापुरते थोडे पैसे, यावर तह झाला. छावणींत मोबाईल न्यावयाची मनाई होती. म्हणून मातोश्रींनीं पत्ता घातलेलीं तीन पोस्टकार्डें पुढें केलीं. सत्तावीस वस्तूंपैकीं मंजूर झाली ती एवढीच.

निघण्याच्या आदल्या रात्रीं मुलाचें पोट दुखूं लागलें. ओवा झाला, हिंग झाला. सारे निजल्यावर तो आमच्या थोरल्या वहिनींच्या अंथरुणाशीं येऊन बसला आणि पुष्कळ वेळानें म्हणाला, "काकू, तिथें रात्रीं झालें तर?"

महिन्यांतून एखादे वेळीं त्याचें अंथरूण ओलें होतें. एकेचाळीस वस्तूंच्या यादींत याची सोय कोणीहि केली नव्हती. हें येथें लिहिण्यास त्याची परवानगी आहे. नांव घालूं नये, एवढीच अट.

वहिनींनीं "नाहीं हो होणार" असें म्हटलें नाहीं. "तुला करमलें नाहीं तर लगेच घेऊन येऊं" असेंहि म्हटलें नाहीं. तें वचन एकदां दिलें म्हणजे मूल पहिल्या रात्रीपासून तेवढेंच धरून बसतें. त्या म्हणाल्या, "झालें तर काय करायचें, तें आतांच ठरवूं." पांच वर्षांच्या १०० मुलांत सुमारें १५ आणि दहा वर्षांच्या १०० मुलांत सुमारें ५ मुलांचें असें होतें, यांत आळस नाहीं कीं हट्ट नाहीं. साठ मुलांत तो एकटाच असेल, असा संभव फार थोडा. दोघांनीं वळकटी पुन्हां सोडली. पावसासाठीं घेतलेलें मेणकापड चादरीखालीं गेलें. गडद रंगाच्या दोन चड्ड्या, एक जुनी चादर व एक रिकामी पिशवी पायथ्याशीं आली. मग दिवा न लावतां त्यानें ओली चादर गुंडाळून पिशवींत घालण्याची रंगीत तालीम केली. निजण्यापूर्वीं लघवीस जाऊन यावें, पण पाणी तोडूं नये, कारण त्या उकाड्यांत तें धोक्याचें, हेंहि ठरलें. एका शिक्षकांच्या कानीं गोष्ट घालावी काय, असें वहिनींनीं विचारलें. त्यानें विचार करून एका बाईंचें नांव सांगितलें. पोटदुखी तेथेंच थांबली.

सहाव्या दिवशीं मुलगा काळवंडून, घसा बसवून परत आला. वळकटी एका बाजूस फुगली होती, पण गांठ त्याची स्वतःची होती. पोस्टकार्ड त्याच्यामागून तीन दिवसांनीं आलें. मातोश्रींनीं चष्मा लावून तें सर्वांसमोर मोठ्यानें वाचलें. सुकेळी मिळाली, वाळूंत किल्ला केला, एक चप्पल हरवली होती ती सांपडली. शेवटीं एक ओळ होती: "काकूला सांगा, तें लागलें. अंधारांत सांपडलें."

"काय गं लागलें त्याला?" मातोश्रींनीं विचारलें.

वहिनी तांदूळ निवडीत होत्या. "दोरी," त्या म्हणाल्या, "वळकटीची."