चार डिस्कांची पेटी : पहिला प्रश्न कोणता?

शाळा-महाविद्यालयांतून संगणकाशेजारी कधी कधी एक छोटी पेटी दिसते. तिच्या खणांत दोन, चार किंवा अधिक हार्ड डिस्क बसवता येतात. तिला स्वतःचा वीजपुरवठा असतो आणि एका यूएसबी तारेने ती संगणकास जोडता येते. पेटी घेताना बहुतेकजण प्रथम विचारतात, "किती टेराबाइट मावतील?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा की, यातील एक डिस्क उद्या बंद पडली तर काय उरेल?

डिस्क कधीतरी बंद पडणार हे धरूनच चालावे. आतील तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९० किंवा १२०. माहिती वाचणारे शीर्ष तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. आपला केस हजारो पटींनी जाड!

पेटी सुरू करताना डिस्कांची मांडणी ठरवावी लागते, आणि तीही माहिती भरण्यापूर्वी. मागाहून बदलल्यास बहुधा सारे पुसले जाते. एका मांडणीत प्रत्येक फाइलचे तुकडे चारही डिस्कांवर विखुरतात. ४ टेराबाइटच्या चार डिस्कांचे पुरते १६ टेराबाइट मिळतात, म्हणून ही मांडणी मोहात पाडते. पण एक डिस्क गेली की सगळेच गेले. समजा, एक डिस्क वर्षभरात बंद पडण्याची शक्यता शंभरात ५ आहे. मग चारही टिकण्याची शक्यता ०.९५ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.८१. नुकसानीची शक्यता शंभरात जवळजवळ १९ झाली! पैसे चौपट खर्चून धोकाही जवळजवळ चौपट घेतला.

यावरचा उपाय मोठा सुंदर आहे. १९८८ साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी आपल्या निबंधात स्वस्त डिस्कांच्या समूहाच्या अशा अनेक मांडण्या सांगितल्या. त्यांतील एकीचे तत्त्व पाहा. तीन डिस्कांवर १, ०, १ असे अंक आहेत. चौथीवर असा अंक लिहा की १ ची एकूण संख्या सम व्हावी. येथे तो ० येईल. आता दुसरी डिस्क बोटाने झाका. उरलेल्या १, १, ० मध्ये १ दोनदा आहे, म्हणजे सम. तेव्हा झाकलेला अंक ० च असला पाहिजे. हरवलेली डिस्क गणिताने परत मिळाली! जागा मात्र १२ टेराबाइटच उरते.

नवी डिस्क बसवून ती भरून निघण्यास वेळ लागतो. सेकंदाला १५० मेगाबाइट वेग धरला तरी ४ टेराबाइटला सात तासांहून अधिक. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली तर गणित हात टेकते. आमच्या माढ्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वळवाच्या पावसात वीज लपंडाव खेळते. म्हणून पेटीस यूपीएस हवाच, आणि तिचा पंखा धुळीने चोंदू देऊ नये.

एवढे केल्यावर दुसरी प्रत कशाला, असे काहीजण विचारतात. चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कांवरून एकदमच पुसली जाते. चोर पेटी नेताना एक डिस्क मागे ठेवीत नाही.

जपलेल्या नोंदींचे मोल कधी कधी पुष्कळ उशिरा कळते. नारायणगावजवळच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात आकाशाचा मोठा भाग पाहिला. त्याच नोंदी इंटेमा आणि सहकाऱ्यांनी नव्या गणितपद्धतीने पुन्हा तपासल्या आणि २०१७ मध्ये सुमारे ६ लाख २० हजार रेडिओस्रोतांची यादी प्रसिद्ध केली. नोंदी हरवल्या असत्या तर नवी पद्धत लावायची कशाला?

उजनीच्या जलाशयावरील रोहित पक्षी एखाद्या शाळेने दरवर्षी मोजले, तर त्या वहीलाही हेच लागू आहे. गेल्या हिवाळ्यातील पक्षी पुन्हा मोजता येत नाहीत. शाळेजवळ दोनच डिस्कांपुरते पैसे असतील, तर पेटी मुळीच घेऊ नये असे मी म्हणेन. दोन सुट्या डिस्क घ्याव्यात, दोन्हींवर तीच माहिती भरावी, एक शाळेच्या कपाटात ठेवावी, आणि दुसरी मुख्याध्यापकांनी परगावच्या घरी न्यावी. दर महिन्याला दोन्ही उघडून फाइली वाचता येतात का, ते मात्र विद्यार्थ्यांनी पाहावे.