खेळातील गुंड आणि खेळाबाहेरचा दुकानदार

मनुष्य हा स्वभावतःच क्रीडाप्रिय आहे. ज्या घरातील मुले कधी चोर-शिपाई खेळली नाहीत असे मराठी घर महाराष्ट्रात तर सापडणार नाहीच, पण पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात येऊन राहिलेल्या आमच्यासारख्या इंदूरकरांतही सापडणार नाही. चार चिठ्ठ्या लिहायच्या, त्यांवर राजा, राणी, चोर आणि शिपाई अशी नावे घालायची, आणि ज्याच्या वाट्याला जे येईल ते त्याने निमूटपणे पत्करायचे, असा तो साधा खेळ. त्यात चोर होण्याची कोणालाच लाज वाटत नाही. कारण डाव मोडला की चिठ्ठ्या पुन्हा उधळल्या जातात आणि मघाचा चोर आता शिपाई होतो. हा नियम आम्ही लहानपणी पाळला, पण त्याचे मोल मात्र आम्हांस यंदा कळले.

प्रसंग असा घडला. दिवाळीच्या सुट्टीनंतर मधल्या सुट्टीत पाचवीच्या मुलांनी एक नवाच खेळ आरंभिला. एक मुलगा पाराच्या कट्ट्यावर ‘डॉन’ होऊन बसे. दोघे त्याचे हस्तक. ते वर्गबंधूंच्या डब्यांतून ‘हप्ता’ गोळा करीत. कोणाकडून चकली, कोणाकडून लाडू, कोणाकडून अर्धी पोळी. आम्ही दहावीचे विद्यार्थी वरच्या गॅलरीतून ती गंमत पाहत होतो आणि, खरे सांगावयाचे तर, हसत होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र आमच्या ध्यानी आले की एक लहानखुरा मुलगा हसत नाही. घंटा होताच तो आपला डबा घेऊन पाण्याच्या टाकीमागे जाई आणि तेथे उभ्याउभ्याच घाईने जेवी. आमचे हसू तेथेच थांबले.

ही हकीकत वडीलधाऱ्यांच्या कानी गेली तेव्हा त्यांचा निवाडा तत्काळ झाला : “हे सारे त्या मोबाइलवरच्या आणि संगणकावरच्या खेळांचे प्रताप! बंद करा ते!” आमच्यापैकी कित्येकांचा निवाडा तितकाच तत्काळ होता : “खेळ तो खेळ; त्याचा याच्याशी काय संबंध?” आम्हांस हे दोन्ही निवाडे अपुरे वाटतात. आणि ज्याअर्थी आमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे खेळ वयाची अठरा वर्षे पुरी होण्याच्या आतच, आणि घरच्यांच्या नकळत, खेळले आहेत, त्याअर्थी त्यांविषयी प्रामाणिकपणे बोलण्याचे कर्तव्यही आमच्याकडेच येते.

प्रथम हे खेळ आहेत तरी काय, ते आमच्या वडील वाचकांसाठी सांगितले पाहिजे. स्कॉटलंडमधील डंडी शहरातील एका मंडळीने १९९७ साली ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ नावाचा खेळ बाजारात आणला. मौज अशी की आरंभीच्या योजनेत खेळणाऱ्याला पोलिस होऊन गुन्हेगारांचा पाठलाग करता येत असे. तो प्रकार नीरस वाटू लागला, तेव्हा पारडे फिरविण्यात आले आणि खेळणारा गुन्हेगार झाला. २००१ साली याच मालेतील तिसरा खेळ निघाला. त्यात न्यूयॉर्कच्या धर्तीवर रचलेले एक अख्खे शहर पडद्यावर उभे राहिले, आणि त्यात वाटेल तिकडे हिंडण्याची मुभा खेळणाऱ्यास मिळाली. यालाच ‘ओपन वर्ल्ड’, म्हणजे मोकळे जग, असे म्हणतात. २०१३ साली आलेल्या पाचव्या खेळाने पहिल्या तीनच दिवसांत शंभर कोटी डॉलरांची विक्री केली, आणि आजवर त्याच्या वीस कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. इतक्या लोकांना जे आवडते ते केवळ मूर्खपणाचे आहे असे म्हणून चालणार नाही.

त्यांत गोडी आहे, हे आम्ही कबूल करतो. ज्याला शाळा, शिकवणी आणि घर या त्रिकोणाबाहेर एकट्याने पाऊल टाकता येत नाही, त्याला एक अख्खे शहर आंदण मिळते. तेथे सूर्य मावळतो, पाऊस पडतो, मोटारीतला रेडिओ गाणी लावतो, समुद्रावर चांदणे पडते. कोणी वेळ विचारीत नाही, कोणी गुण विचारीत नाही. आमच्यातील अनेकांना त्या खेळांतील बंदुकीपेक्षा त्या रिकाम्या रस्त्यांचाच मोह अधिक पडला, हे सांगितले तर वडीलधाऱ्यांस कदाचित आश्चर्य वाटेल.

आता मुख्य आरोपाकडे वळू. हे खेळ खेळून मुले खुनी होतात काय? या प्रश्नावर पाश्चात्त्य देशांत पुष्कळ खल झाला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२० साली असे मत दिले की या खेळांचा आणि आरडाओरडा, धक्काबुक्की अशा किरकोळ आक्रमकतेचा अल्पसा संबंध दिसतो. परंतु प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही. मुलांना हिंसक खेळ विकण्यास बंदी करणारा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सात विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरविला. तेव्हा “खेळ खेळला की मूल गुंड होते” हे विधान आम्हांस मान्य नाही. आमच्या शाळेतील पाचवीची मुलेही गुंड झालेली नाहीत.

परंतु आरोपी एका कलमातून सुटला म्हणजे तो सर्वच कलमांतून सुटला असे होत नाही. या खेळांवरील खरा आरोप निराळाच आहे, आणि तो आम्हांस कोणा पंडिताने नव्हे, तर एका किराणा दुकानदाराने शिकविला.

आमच्यातील एकाच्या घरी, थोरल्या बंधूंच्या जुन्या संगणकावर, ‘द गॉडफादर’ हा २००६ सालचा खेळ आहे. मारिओ पुझो यांच्या १९६९ सालच्या कादंबरीवर जो विख्यात चित्रपट १९७२ साली निघाला, त्याच्या कथानकाच्या आधारे हा खेळ रचलेला आहे. त्यात न्यूयॉर्कमधील दुकानांत शिरून दुकानदाराला ‘संरक्षणा’च्या नावाखाली खंडणी देण्यास भाग पाडावयाचे असते. त्याला दरडवावे, दोन ठोसे लगवावे, त्याच्या मालाची मोडतोड करावी. पडद्यावर त्याच्या भीतीचे एक माप दिसते. माप पुरेसे चढले की तो पैसे देऊ लागतो. फार चढविले तर तो चवताळून अंगावर येतो आणि पैसेही बुडतात. म्हणजे एखाद्याला नेमके किती घाबरवावे, हीच तेथील कला! आम्ही चौघे त्यात रंगून गेलो असता मित्राचे आजोबा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी चाळीस वर्षे किराणा मालाचे दुकान चालविले आहे. थोडा वेळ पाहून त्यांनी विचारले, “अरे, इतके दिल्यावर त्याच्या गल्ल्यात संध्याकाळी उरते तरी काय?”

“ते दाखवीत नाहीत, आजोबा.”

“बरे, मला त्यात दुकानदार व्हायचे असेल तर?”

“तसे होता येत नाही, आजोबा.”

“म्हणजे तुमच्या खेळात आमचे सोंग कोणी घेतच नाही म्हणा!” असे म्हणून ते हसले आणि देवाला दिवा लावावयास निघून गेले. आमचा डाव पुढे चालला खरा, पण त्यात आता रंग राहिला नव्हता.

आजोबांच्या त्या एका वाक्यात सारा विषय आला आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालेतील २००२ सालच्या खेळात एक कामगिरी अशी आहे की ठरलेल्या मिनिटांच्या आत बाजारातील दुकानांच्या काचा फोडावयाच्या, म्हणजे दुकानदार मुकाट्याने खंडणी देऊ लागतात. काचा फुटतात, घड्याळ संपते, बक्षीस मिळते. त्या काचा झाडणारा मनुष्य पडद्यावर येत नाही. खेळातील नायक मेला तर इस्पितळाच्या दारी पुन्हा उभा राहतो आणि थोडे पैसे भरून चालू लागतो. पण वाटेत पडलेले पादचारी क्षणभराने नाहीसेच होतात. त्यांना आई नाही, भावंडे नाहीत. चोर-शिपायाच्या खेळात चिठ्ठी फिरते. येथे चिठ्ठी कधीच फिरत नाही. एकच मनुष्य सदैव डॉन, आणि उरलेले सारे जग त्याचे सामान.

खरे जग कसे असते हे पाहावयाचे असेल तर ज्या सिसिली बेटाचे नाव घेऊन हे खेळ मिरवितात तेथेच जावे. तेथील पालेर्मो शहरात लिबेरो ग्रास्सी नावाचे एक कापड-कारखानदार होते. माफियाने त्यांच्याकडे खंडणी मागितली. तिला तिकडे ‘पिझ्झो’ म्हणतात. ग्रास्सी यांनी ती नाकारली, आणि जानेवारी १९९१ मध्ये स्थानिक वृत्तपत्रात आपल्या अनामिक खंडणीखोरास उद्देशून उघड पत्र प्रसिद्ध केले. आपण पैसे देणार नाही, हे त्यांनी जगजाहीर केले. दुःखाची गोष्ट ही की शहरातील व्यापारी बंधू त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. उलट हा गृहस्थ उगाच गाजावाजा करतो, असे म्हणणारेच अधिक निघाले. २९ ऑगस्ट १९९१ च्या सकाळी घराजवळच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. पुढल्याच वर्षी, १९९२ मध्ये, माफियाविरुद्ध लढणारे जोवान्नी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेल्लिनो हे दोन न्यायाधीश बाँबस्फोटांत बळी पडले. तथापि बीज वाया गेले नाही. २००४ साली पालेर्मोतील काही तरुणांनी एका रात्रीत शहरभर खंडणीविरोधी पत्रके चिकटविली. त्यातून एक चळवळ उभी राहिली, आणि आज शेकडो दुकानदार “आम्ही पिझ्झो देत नाही” असे उघडपणे सांगतात. ग्रास्सी यांच्या हाती बंदूक नव्हती. तरीही आम्ही पुसतो, या कथेतील शूर कोण?

आणि सिसिलीपर्यंत तरी कशाला जावे? मुंबईतील खंडणीखोर टोळ्यांचा सुळसुळाट आमच्या आईवडिलांच्या तरुणपणचा आहे. त्यासाठी महाराष्ट्राला १९९९ साली संघटित गुन्हेगारीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. लोक त्याला ‘मकोका’ म्हणतात. कायदा करावा लागतो तो पडद्यावरच्या चित्रांसाठी नव्हे. रात्री फोन वाजला की ज्याच्या घशाला कोरड पडते, अशा हाडामांसाच्या माणसांसाठी.

याच जातीचा एक खेळ मात्र आम्हांस वेगळा वाटला, आणि न्यायबुद्धीने त्याचा उल्लेख केला पाहिजे. चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरी तयार झालेला ‘माफिया’ हा तो २००२ सालचा खेळ. त्याचा नायक एक साधा टॅक्सीवाला. १९३० साली अचानक दोन गुंड त्याच्या गाडीत बसतात आणि त्याचे आयुष्य बदलून जाते. या खेळात तांबडा दिवा ओलांडला किंवा गाडी बेफाम हाकली तर पोलिस दंड करतो! नायकाला पैसा मिळतो, मान मिळतो. पण एकेक करून मित्र जातात, आणि ज्याला भाऊ मानले तोच अखेर जिवावर उठतो. तो पोलिसांना सारे सांगून, नाव बदलून दूर राहू लागतो. वर्षे लोटतात. एके दिवशी म्हातारपणी तो अंगणात पाणी शिंपीत असता दोन अनोळखी माणसे येतात आणि त्याला ठार करतात. तेथे मात्र इस्पितळाचे दार नाही. खेळ संपल्यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो. यावरून एवढे सिद्ध होते की दोष माध्यमाचा नाही. किंमत दाखविणे आणि किंमत लपविणे यांतला तो भेद आहे.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. या खेळांच्या वेष्टनावर युरोपात अठरा आणि अमेरिकेत सतरा वर्षांची मर्यादा छापलेली असते. ती शोभेसाठी नाही, आणि आम्ही ती मोडली ही आमची चूक आहे. पाचवी-सहावीच्या मुलांच्या हाती हे खेळ पडू देऊ नयेत. त्याला थोरल्या भावाबहिणींचा मोबाइलच बहुधा कारण असतो, म्हणून ही जबाबदारी प्रथम आमची. पण वडीलधाऱ्यांसही आमची नम्र विनंती आहे : नुसती बंदी घालून निघून जाऊ नका. बंदीने खेळ गादीखाली जातो, एवढेच. एकदा शेजारी बसा, पाहा, आणि आजोबांनी विचारला तसा एखादा प्रश्न विचारा. आमच्या अनुभवाने सांगतो, तो प्रश्न दहा उपदेशांहून अधिक काम करतो.

पाचवीच्या मुलांचे पुढे काय झाले, ते सांगून पुरे करतो. आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, “खेळा; पण चिठ्ठ्या टाकून. आज जो डॉन, तो उद्या हप्ता देणारा.” दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरच्या सरदारास डबा उघडून द्यावयाची पाळी आली. त्याच्या आईने त्या दिवशी नेमक्या करंज्या दिल्या होत्या. तो एकदा डब्याकडे आणि एकदा हस्तकांकडे पाहत राहिला, मग म्हणाला, “हा खेळ बेकार आहे.” तिसऱ्या दिवशी तो खेळ मोडला आणि लंगडी सुरू झाली.

तो लहानखुरा मुलगा आता टाकीमागे जेवीत नाही.