विश्लेषण : गाडी पीयूसीत नापास झाली तर खर्च कोणाचा? ‘एमिशन वॉरंटी’ काय सांगते?

पीयूसी नसेल तर पंपावर पेट्रोल-डिझेल नाही, अशी कडक भाषा आता सरकारे बोलू लागली आहेत. पण गाडी धुराच्या तपासणीत नापासच झाली, तर ती दुरुस्त करण्याचा खर्च दरवेळी मालकानेच करायचा का? गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत याचे उत्तर छापलेले असते. शीर्षक असते ‘एमिशन वॉरंटी’. बहुतेकांनी ते पान उघडलेले नसते. या वॉरंटीत काय मिळते, काय मिळत नाही आणि ती हातातून कशी निसटते, याचा हा आढावा.

आताच हा प्रश्न महत्त्वाचा का?

महाराष्ट्राचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये ‘नो पीयूसी, नो फ्युएल’ धोरणाची घोषणा केली. दिल्लीत डिसेंबर २०२५ मध्ये प्रदूषण वाढल्यावर पीयूसी नसलेल्या वाहनांना इंधन न देण्याचा आदेश निघाला. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आहे. थोडक्यात, तपासणीत नापास होणे आता महागात पडते.

दुसरीकडे, धूर स्वच्छ करणारे भागही महाग झाले आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ निकष लागू झाले. डिझेल मोटारीसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली. हे साधण्यासाठी गाडीत नवे फिल्टर, सेन्सर आणि युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणा आली. पूर्वी मेकॅनिक कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून गाडी ‘पास’ करून देत असे. आता तसे होत नाही. बिघाड निघाला की भागच बदलावा लागतो.

एमिशन वॉरंटी म्हणजे नेमके काय?

आपण ज्याला सरसकट ‘वॉरंटी’ म्हणतो, ती निर्मितीतील दोषांसाठी असते. एखादा भाग सदोष निघाला, तर कंपनी तो दुरुस्त करते किंवा बदलून देते. एमिशन वॉरंटी तिच्या जोडीने चालते, पण तिचा निकष वेगळा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११५ (२) मध्ये वापरातील वाहनाच्या धुरासाठी मर्यादा दिल्या आहेत. गाडीची नीट निगा राखूनही ती या मर्यादेत बसत नसेल, तर धुराशी थेट संबंधित भाग कंपनी विनामूल्य दुरुस्त करेल किंवा बदलेल, असे हे वचन आहे.

वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेच्या सदस्य कंपन्यांनी १ जुलै २००१ पासून ही वॉरंटी स्वेच्छेने द्यायला सुरुवात केली. त्यानंतर अनेक पुस्तिकांत दिसणारे आकडे असे आहेत : मोटारीसाठी ३ वर्षे किंवा ८० हजार किलोमीटर, दुचाकीसाठी ३ वर्षे किंवा ३० हजार किलोमीटर, दोन्हींपैकी जे आधी होईल ते. अलीकडे काही कंपन्यांची मूळ वॉरंटीच याहून मोठी असते. म्हणून आपल्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेत पाहणे आवश्यक. दोन्ही वॉरंट्या चालू असतील, तर भागातील दोषासाठी आधी मूळ वॉरंटीचाच आधार घेणे सोपे जाते.

कोणते भाग वॉरंटीत बसतात?

यादी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. साधारणपणे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनाचा संगणक म्हणजे ईसीयू, ऑक्सिजन सेन्सर, इंधन फवारणी यंत्रणेचे भाग, पेट्रोलची वाफ अडवणारा कॅनिस्टर, धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह असे भाग त्यात आढळतात.

यातला सर्वात महाग भाग बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. सायलेन्सरच्या मार्गात बसवलेल्या या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. याच धातूंसाठी गुजरात-महाराष्ट्रात इको व्हॅनचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे गुन्हे नोंदवले गेले. अर्थात चोरी वॉरंटीत बसत नाही. तो विषय विम्याचा.

स्पार्क प्लग, एअर फिल्टर, ऑइल यांसारखे ठरावीक काळाने बदलायचे भाग सहसा बाहेर असतात. गाडी टोइंग करून नेण्याचा खर्च, गाडी बंद राहिल्याने बुडालेली कमाई आणि आरटीओ किंवा पोलिसांनी आकारलेला दंडही कंपनी देत नाही.

दावा नाकारला जातो तो कशामुळे?

येथे अटी वाचाव्या लागतात. पहिली अट नियमित सर्व्हिसिंगची. पुस्तिकेतल्या वेळापत्रकाप्रमाणे सर्व्हिसिंग झाल्याची नोंद लागते. दुसरी अट अनेकांना ठाऊक नसते : गाडी नापास झाली, त्याच्या लगेच आधीच्या काळाचे वैध पीयूसी प्रमाणपत्र दाखवावे लागते. म्हणजे आठ महिने पीयूसी काढलेच नाही आणि आता नापास झाली म्हणून शोरूममध्ये गेलात, तर दावा तिथेच अडतो.

तिसरी अट फेरबदलांची. बाहेरून बसवलेले सीएनजी किट, बदललेला ईसीयू प्रोग्रॅम, आवाजासाठी बुलेटला लावलेला वेगळा सायलेन्सर यांपैकी काही आढळले, तर वॉरंटी संपलीच समजा. असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडण्याची कारवाई पोलीस करतात ती आवाजासाठी. पण मूळ सायलेन्सरसोबत अनेकदा कन्व्हर्टरही निघून जातो, हे लक्षात घेतले जात नाही.

चौथी अट भेसळयुक्त इंधनाची. येथे ई-२० पेट्रोलचा प्रश्न विचारला जातो. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल सरकारमान्य इंधन आहे, ती भेसळ नव्हे. ई-२० वापरले म्हणून वॉरंटी नाकारली जाणार नाही, अशी ग्वाही ‘सियाम’ने ऑगस्ट २०२५ मध्ये दिली होती. तरीही पुस्तिकेत ‘ई-१० पर्यंत’ असे छापलेले असेल, तर शोरूमकडून याबाबत ई-मेलवर लेखी उत्तर घेऊन ठेवणे चांगले.

तारखांचा पेच काय आहे?

नव्या वाहनाला नोंदणीपासून पहिले वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ वाहनांचे पीयूसी वर्षभर चालते. आता हिशेब करू. तीन वर्षांच्या वॉरंटीत पहिली तपासणी १२ व्या महिन्याच्या शेवटी, दुसरी २४ व्या महिन्याच्या शेवटी आणि तिसरी ३६ व्या महिन्याच्या शेवटी येते. वॉरंटीही साधारण त्याच दिवशी संपते. तिसऱ्या तपासणीला दोन दिवस उशीर झाला आणि गाडी नापास निघाली, तर सगळा खर्च मालकाचा.

दुचाकीवर घरपोच सेवा देणाऱ्या तरुणांची स्थिती याहून अवघड. दिवसाला १०० किलोमीटर गाडी चालवली, तर ३० हजार किलोमीटर ३०० दिवसांत, म्हणजे १० महिन्यांत पूर्ण होतात. पहिल्या सक्तीच्या पीयूसीची वेळ येण्याआधीच त्याची वॉरंटी संपलेली असते. ज्याची गाडी सर्वाधिक झिजते, त्याच्यापर्यंत हे संरक्षण पोहोचतच नाही.

पीयूसी यंत्राला काय दिसत नाही?

हा या विषयातला सर्वात मोठा दोष. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल मोटारींसाठी, इंजिन नुसते चालू असताना, ही मर्यादा अनुक्रमे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम आहे. डिझेल गाडीत ॲक्सिलरेटर दाबून धुराची घनता पाहिली जाते. नायट्रोजन ऑक्साइड कोणत्याच तपासणीत मोजले जात नाही.

पण बीएस-६ डिझेल गाडीतली महागडी यंत्रणा मोठ्या प्रमाणात याच वायूसाठी बसवलेली असते. ती निकामी झाली तरी गाडी पीयूसीत आरामात पास होऊ शकते. पास झाली, म्हणजे एमिशन वॉरंटीची अटच पूर्ण होत नाही. म्हणजे ताप मोजायला वजनकाटा वापरावा, तसा हा प्रकार.

याचे उदाहरण भारतानेही पाहिले आहे. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण अमेरिकेत उघड झाले. चाचणी ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करणारे सॉफ्टवेअर जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होते. पुण्यातील ‘एआरएआय’ या संस्थेने भारतातील गाड्या रस्त्यावर तपासल्या, तेव्हा नायट्रोजन ऑक्साइड बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावण्याची घोषणा केली. हा दोष एकाही पीयूसी केंद्रावर सापडण्यासारखा नव्हता, कारण तिथे हा वायू मोजतच नाहीत.

मग बिघाड कळणार कसा?

गाडीतला पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा यासाठीच असतो. बीएस-६ गाडीचा संगणक कन्व्हर्टर, सेन्सर, फिल्टर यांच्यावर सतत नजर ठेवतो. काही बिघडले की दिवा लावतो आणि बिघाडाचा सांकेतिक क्रमांक साठवून ठेवतो. मूळ वॉरंटी चालू असेल तर हा क्रमांक दाव्याचा पुरावा ठरतो. गॅरेजमध्ये दिवा ‘घालवून’ घेतला, तर क्रमांक पुसला जातो आणि पुरावाही जातो.

दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नये. बहुधा एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेट घेत नसते. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि आतली जाळी वितळू शकते. छोटी दुरुस्ती मग मोठ्या खर्चाची होते. शिवाय इशारा मिळूनही गाडी चालवली, म्हणून दावा नाकारायला कारण मिळते.

अमेरिकेत काय पद्धत आहे?

तिथे ही वॉरंटी ‘क्लीन एअर ॲक्ट’ या कायद्यानेच बंधनकारक आहे. मोटारीच्या धुराशी संबंधित भागांना किमान २ वर्षे किंवा २४ हजार मैल संरक्षण मिळते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ईसीयू आणि बिघाड ओळखणारी ऑनबोर्ड यंत्रणा या मोठ्या भागांना मात्र ८ वर्षे किंवा ८० हजार मैल, म्हणजे सुमारे १ लाख २९ हजार किलोमीटर.

भारतात बीएस-६ मोटारीला मान्यता देताना प्रदूषण नियंत्रण यंत्रणा १ लाख ६० हजार किलोमीटर टिकावी, अशी अपेक्षा असते. तरी ग्राहकाला दिले जाणारे एमिशन वॉरंटीचे वचन अनेकदा ८० हजारांवर थांबते. मान्यतेच्या चाचणीत टिकाऊ ठरलेल्या भागाची उरलेल्या अंतराची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न धोरणकर्त्यांनी अजून सोडवलेला नाही. दोष एखाद्या मॉडेलच्या सर्वच गाड्यांत असेल, तर कायद्याच्या कलम ११०-अ नुसार सरकार वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. पर्यावरणाला होणारी हानी हेही त्यासाठीचे कारण मानले गेले आहे. मात्र एकट्यादुकट्या ग्राहकासाठी हा मार्ग नाही.

शोरूमने नकार दिला तर?

गाडी नापास झाल्यास पीयूसी केंद्राकडून ‘रिजेक्शन स्लिप’ मागून घ्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२१ च्या अधिसूचनेत ही पावती आणली. ती दाखवून सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्ती करून घेता येते, किंवा केंद्राच्या यंत्रावर शंका असेल तर दुसऱ्या केंद्रात फेरतपासणी करता येते. तपासणीपूर्वी इंजिन पुरेसे तापलेले असावे. थंड कन्व्हर्टर काम करत नाही आणि धडधाकट गाडीही नापास होऊ शकते.

शोरूममध्ये तोंडी बोलण्यावर विसंबू नका. जॉब कार्डवर ‘एमिशन वॉरंटीखाली दावा’ असे लिहून घ्या आणि नकार मिळाल्यास त्याचे कारणही लेखी मागा. त्यानंतर कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाकडे ई-मेलने तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग, असा क्रम आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगात दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची.

वाहनधारकांनी आज काय करावे?

पुस्तिकेतले एमिशन वॉरंटीचे पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि तिच्या मुदतीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. पीयूसीमध्ये एका दिवसाचाही खंड पडू देऊ नका. सर्व्हिसिंगची बिले जपून ठेवा. जुनी गाडी घेत असाल, तर ही कागदपत्रे आधीच्या मालकाकडून मागून घ्या. अनेक कंपन्यांची एमिशन वॉरंटी मालक बदलला तरी चालू राहते. एक्स्टेंडेड वॉरंटी विकत घेताना कन्व्हर्टर आणि सेन्सर तिच्यात आहेत का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे, वॉरंटी संपण्याच्या महिनाभर आधी, आणि किलोमीटर लवकर संपत असतील तर तो आकडा गाठण्याआधी, स्वतःहून एकदा धुराची तपासणी करून घ्या. पीयूसीची मुदत बाकी असली तरी. या एका तपासणीला किरकोळ शुल्क लागते. नापास झालात तर दुरुस्तीचा खर्च कंपनीकडे मागण्याची ती शेवटची संधी असते.