यादी मोबाइलवर आली, मांडणी का नाही आली?

संगणकावर कामांची यादी छान लावून ठेवलेली असते. आजची कामे वर, उशीर झालेली लाल रंगात, पूर्ण झालेली नजरेआड. बाहेर पडून तीच यादी मोबाइलवर उघडली की कामे सगळी दिसतात, पण क्रम भलताच! वरवर ही किरकोळ अडचण वाटते, पण ज्याचे काम त्या यादीवर चालते त्याला ती महाग पडू शकते.

समजा, मंगरुळपीर किंवा मानोऱ्यातील एखादा सेवा केंद्रचालक आहे. प्रवेशाच्या हंगामात उत्पन्न, जात, नॉन-क्रिमीलेअर अशा दाखल्यांच्या अर्जांची नोंद तो स्वतःच्या यादीत ठेवतो. कागदात त्रुटी निघालेले अर्ज संगणकावर सर्वात वर दिसतील, अशी सोय त्याने केली आहे. तहसीलला गेल्यावर हातात फक्त मोबाइल असतो आणि तिथे तेच अर्ज चाळिसाव्या ओळीत जाऊन बसलेले असतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने दाखला देण्याची मुदत अधिकाऱ्याला घालून दिली आहे. पण अर्जात त्रुटी आहे हे विद्यार्थ्याला वेळेत कळवायचे तर ती ओळ कुणाच्या तरी नजरेस पडायला हवी. ती दिसली नाही, तर फटका विद्यार्थ्याला बसतो.

असे का होते?

यादीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे माहिती : कामाचे नाव, तारीख, झाले की नाही. दुसरी म्हणजे मांडणी : कोणती कामे दाखवायची, कोणत्या क्रमाने, कशी गटवारी करून. माहिती बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर, तुमच्या खात्यात साठते आणि म्हणून सगळीकडे पोहोचते. मांडणी मात्र अनेकदा त्या संगणकातच किंवा त्या ब्राउझरमध्येच राहते. ती खात्यात साठली, तरी मोबाइल ॲपला ती वाचता आली पाहिजे. जुन्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये मेहनतीने बनवलेले व्ह्यू मोबाइलच्या आउटलुकमध्ये दिसत नाहीत. याउलट टुडुइस्टमध्ये तयार केलेले फिल्टर खात्यात साठतात, त्यामुळे ते मोबाइलवरही मिळतात. तेव्हा हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, असे कुणी सांगितले तर ते मानू नका.

यामागे जुने कारणही आहे. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. त्याच वर्षी आयकॅलेंडर नावाचे प्रमाण प्रसिद्ध झाले. वेगवेगळ्या ॲपनी कॅलेंडर आणि कामांची देवाणघेवाण कशी करावी, हे त्यात ठरले. त्यात कामाची अंतिम तारीख, प्राधान्य, वर्गवारी आणि स्थिती यांना जागा आहे. वापरणाऱ्याच्या मांडणीला मात्र नाही. २००९ मध्ये या प्रमाणाची सुधारित आवृत्ती आली, तीतही ही उणीव राहिली. त्यामुळे एका ॲपमधून दुसऱ्यात जाताना काम जाते, मांडणी मागे राहते.

मोबाइलचा पडदा लहान असतो, सहा रकाने त्यात मावणार नाहीत, हे कंपन्यांचे म्हणणे खरे आहे. पण रकाने कमी दाखवणे वेगळे आणि वापरणाऱ्याने ठरवलेला क्रम टाकून देणे वेगळे. शहरात टेबलावर लॅपटॉप आणि खिशात फोन असलेल्याचे यात फारसे अडत नाही. आपल्याकडे संगणक कार्यालयात किंवा केंद्रावर आणि दिवसभराचे काम गावोगाव, असे चित्र आहे. अंगणवाडी सेविका असो, ग्रामपंचायतीचा कर्मचारी असो की कृषी सेवा केंद्राचा मालक, खरी यादी मोबाइलवरच उघडली जाते. म्हणून मोबाइलला दुय्यम मानणारे ॲप आपल्या कामाचे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. सरकारी कार्यालयांनीही एखादी प्रणाली घेताना ‘मांडणी खात्यात साठते का?’ हा प्रश्न आधी विचारावा.

तोवर काय करावे?

महत्त्वाची गोष्ट मांडणीवर सोडू नका, ती माहितीतच लिहा. प्रत्येक कामाला अंतिम तारीख टाका, कारण तारखेनुसार क्रम लावण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. रंगावर भिस्त ठेवू नका. त्याऐवजी कामाच्या नावाआधीच ‘१ त्रुटी’, ‘२ प्रलंबित’ असे लिहा. मग नावानुसार क्रम लावला तरी तातडीचे काम वर येते आणि शोधचौकटीत ‘त्रुटी’ टाकले की तेवढीच कामे समोर येतात. एकच लांबलचक यादी ठेवण्यापेक्षा ‘आज’, ‘या आठवड्यात’ आणि ‘वाट पाहणे’ अशा तीन याद्या करा. याद्या माहितीचाच भाग असल्याने त्या मोबाइलवर जशाच्या तशा येतात.

रेंज नसलेल्या गावात जाण्याआधी यादी एकदा उघडून ताजी करून घ्या. परतल्यावर इंटरनेट सुरू होताच ॲप उघडा, म्हणजे दिवसभरात केलेले बदल वर चढतील. आणि नवे ॲप निवडण्यापूर्वी एक साधी परीक्षा घ्या. संगणकावर पाच कामे लिहा, त्यांना फिल्टर लावा आणि मोबाइलवर उघडून पाहा. फिल्टर तिथे दिसला तरच आपली सगळी कामे त्या ॲपच्या हवाली करा.