ट्रकच्या केबिनला एसी आला, जेसीबी ऑपरेटरच्या कानांचे काय?

विजयी मिरवणुकीत जेसीबीच्या बकेटमधून गुलाल उधळला जातो, तेव्हा सगळ्यांचे मोबाइल बकेटकडे वळलेले असतात. केबिनमधला ऑपरेटर फारसा कुणाच्या फ्रेममध्ये येत नाही. डीजेच्या डेसिबलवर आपण दरवर्षी वाद घालतो, हा माणूस मात्र एरवीही रोज आठ-दहा तास डिझेल इंजिनाच्या आवाजात बसलेला असतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू ट्रकना (एन-२ आणि एन-३ गट) एसी केबिन बंधनकारक झाली. बॅकहो लोडर (ज्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो), एक्स्कॅव्हेटर, रोलर ही यंत्रे या गटांत येत नाहीत. नियम उकाड्यासाठी केलेला आहे हे खरे, पण या यंत्रांमध्ये एसी नसण्याची किंमत कानांनाही मोजावी लागते. ती कशी?

केबिनमध्ये आवाज येतो कुठून?

इंजिन, रेडिएटरचा पंखा आणि हायड्रॉलिक पंप हे मुख्य स्रोत. हा आवाज दोन वाटांनी आत येतो. एक हवेतून, म्हणजे फटी, काचा आणि लिव्हरसाठी ठेवलेल्या छिद्रांतून. दुसरा लोखंडातून. चासीची थरथर केबिनच्या पत्र्यापर्यंत पोहोचते आणि पत्राच स्पीकरसारखा वाजू लागतो. म्हणून केबिन रबरी माउंटवर बसवतात. हे रबर कडक झाले, तर आत काहीही चिकटवा, घुमणारा आवाज कमी होत नाही.

मग फोम लावला की झाले?

नाही. गॅरेजमध्ये सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. फोम केबिनच्या आत घुमणारा आवाज शोषतो, बाहेरून येणारा अडवत नाही. अडवायला वजन लागते. पत्र्याचे वजन दुप्पट केले तर साधारण ६ डेसिबलचा फरक पडतो. त्यामुळे जड रबरी थर, त्यावर फोम आणि दाराचे रबर नवे, असा क्रम लागतो.

पण खरी गोम फटीत आहे. केबिनचे एकूण क्षेत्रफळ १० चौरस मीटर धरा. त्यातला एक टक्का, म्हणजे जेमतेम फूटभर लांब-रुंद भाग उघडा राहिला, तर भिंती कितीही भारी असोत, आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त घटू शकत नाही. दहा टक्के उघडे असेल तर जेमतेम १०. खिडक्या सताड उघड्या ठेवल्या की आपण याच दुसऱ्या आकड्याकडे सरकतो.

आता चंद्रपूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा ४५ अंशांजवळ, चारही बाजूंनी काचा आणि एसी नाही. ऑपरेटर खिडकी उघडणारच, आणि त्याला दोष देता येणार नाही. नव्या एक्स्कॅव्हेटरच्या माहितीपत्रकात केबिनमधला आवाज ७० ते ७५ डेसिबलच्या आसपास दिसतो. मात्र ही मोजणी दारे-खिडक्या बंद ठेवून होते. एसी नसलेल्या केबिनसाठी त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

कायदा काय म्हणतो?

बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत आठ तासांसाठी मर्यादा ९० डेसिबल ठेवली गेली. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९७५ मध्येच ८५ ही इशारा पातळी आणि ९० ही धोका पातळी मानली होती. फरक पाचाचा वाटतो, पण दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे ९० ला कानावर ८५ च्या तिपटीहून जास्त ऊर्जा आदळते. अमेरिकेतील ‘नायॉश’ ही संस्था ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार तास आणि ९१ ला फक्त दोन तास सुचवते. आपले नियम इतके कडक नाहीत, आणि जे आहेत ते मोजायला साइटवर मीटर घेऊन कोण जातो?

जुन्या यंत्राला काय करता येईल?

सुरुवात स्वस्तातल्या गोष्टींपासून करावी. दाराचे रबर बदला, लिव्हर आणि पेडलभोवतीचे रबरी बूट बसवा, सायलेन्सरची गळती काढा. थर नंतर. गादीवाल्याकडचा साधा फोम नको. तो डिझेल आणि हायड्रॉलिक ऑइल पितो आणि भडकतो. आणखी एक, यंत्र उलटल्यावर ऑपरेटरला वाचवणाऱ्या चौकटीला भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. पट्टी बसवण्याच्या नादात ती चौकट कमकुवत होईल.

‘सगळे बंद केले तर मागच्या हेल्परची हाक कशी ऐकू येणार?’ ही ऑपरेटरची शंका रास्त आहे. इअरप्लग न घालण्याचेही हेच कारण दिले जाते. त्यावर उपाय म्हणजे मागचा कॅमेरा, नीट आरसे आणि हाताचे ठरलेले इशारे. खिडकी उघडी ठेवल्याने हाक नीट ऐकू येतेच असे नाही, कारण तिच्याबरोबर इंजिनही आत येते.

धोका ओळखायला मीटरच हवा असे नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर बहुधा ८५ ओलांडलेले असते. आवाजामुळे येणारा बहिरेपणा २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत होता. तेव्हाच्या कर्मचारी भरपाई कायद्यातही त्याचा उल्लेख होता. पण दावा करायचा तर कामावर लागतानाची श्रवणचाचणी हातात लागते. दर हंगामात मालक बदलणाऱ्या ऑपरेटरची ती चाचणी कोणत्या मालकाने करायची?