गावाचे चलच्चित्र

आपल्या गावाचे चलच्चित्र काढावे, अशी हौस अलीकडे पुष्कळांना वाटते. ही हौस स्तुत्य आहे. परंतु कॅमेरा हाती येताच माणसे किल्ले, घाट आणि धबधबे शोधू लागतात. आकुर्डीसारख्या गावात टिपण्याजोगे आहे तरी काय, असे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर चलच्चित्राच्या जन्मकथेतच आहे.

1895 साली फ्रान्समधील लिओं शहरी ल्युमिएर बंधूंनी आपल्या कारखान्याचे फाटक चित्रित केले. घरी निघालेले कामगार, एखादा सायकलस्वार, मध्येच धावणारा कुत्रा, एवढेच त्यात दिसते. ते चित्र मिनिटभरही चालत नाही. तथापि आजही लोक ते कुतूहलाने पाहतात.

7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात या बंधूंच्या चित्रांचे खेळ सुरू झाले. त्यानंतर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांना चित्रणाचा ध्यास लागला. ते व्यवसायाने छायाचित्रकार. पण या नव्या विद्येत हौशीच, कारण ती शिकविणार कोण? त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागविला आणि 1899 साली हँगिंग गार्डनमधील एक कुस्ती टिपली. माकडवाल्याचा खेळही टिपला. पुढे 1901 साली, केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथराव परांजपे यांचे मुंबईतील स्वागत त्यांनी चित्रित केले. रँग्लरांची हकीकत ग्रंथांत मिळते; माकडवाल्याची कोण लिहून ठेवतो? म्हणून त्या चित्राचे मोल अधिक मानावे लागते.

आकुर्डीचेही तसेच आहे. देहूहून पंढरपुरास जाणारी तुकाराम महाराजांची पालखी येथील विठ्ठलमंदिरात मुक्कामास असते. तिची चित्रे दरवर्षी उदंड निघतात, आणि निघावीत. पण ज्या कारखान्यातून बजाजच्या स्कूटर देशभर गेल्या, तेथील वाहननिर्मिती 2007 साली थांबली. 2022 साली आकुर्डीतच विजेवर चालणाऱ्या स्कूटरचा कारखाना उभा राहिला खरा. परंतु जुनी पाळी सुटतानाचा तो रस्ता पुन्हा दिसणे नाही. कोणी हौसेने टिपला असल्यास ती फीत एखाद्या घरच्या पेटीत पडून असेल. फितीला ओल लागते, बुरशी चढते. तेव्हा पेट्या लवकर उघडलेल्या बऱ्या. फिती जपण्याची विद्या जाणणारे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून पुण्यातच आहे, म्हणजे फार दूर नाही.

आणि नव्या कारखान्याची पाळी किती वाजता सुटते, याची चौकशी हौशी चित्रकाराने आजच करून ठेवावी.