पाच रुपयांचा पुडा

‘यांच्या जिभेला लगाम नाही आणि उपचाराचा खर्च माझ्या करातून का?’ लठ्ठपणाचा विषय निघाला की शिकल्यासवरल्या घरांत हा प्रश्न हमखास येतो. नियमाने टेकडी चढणाऱ्या, कर भरणाऱ्या माणसाला तो रास्त वाटतो. मला तो अन्यायाचा वाटतो. का, ते सांगायला पुण्यातच झालेलं एक संशोधन पुरेसं आहे.

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. किरकोळ अंगाच्या, शेतात राबणाऱ्या बायका. त्यांची बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. इथवर नवल नाही. पण बारकाईने मोजमापं घेतल्यावर दिसलं, की आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव खुरटले होते, अंगावरची चरबी मात्र बरीचशी शाबूत होती. आईच्या ताटात जे कमी पडलं त्याची झळ स्नायूंना बसली. असं शरीर घेऊन जन्मलेला माणूस पुढे शहरात आला, स्वस्त तेल-मैदा-साखरेवर राहू लागला, की थोड्याशा वजनवाढीतही त्याचं पोट सुटतं आणि मधुमेह गाठतो. तेव्हा दोष द्यायचा तर कुणाला? पोटुशी असताना अर्धपोटी राबलेल्या त्याच्या आईला?

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी पहाटे घर सोडतात. सकाळी चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा, कारण तो जागेवर मिळतो आणि पोटाला आधार देतो. दुपारचा डबा खायला चार वाजतात. तोवर भूक आवरली नाही, तर वाटेत वडापाव. गुडघे सुजले म्हणून त्या दवाखान्यात गेल्या, तर केसपेपरवर गोळ्या लिहिता लिहिता त्यांना सांगण्यात आलं, ‘वजन उतरवा, जरा हालचाल करा.’ घरी येऊन मला म्हणाल्या, ‘ताई, दिवसभर उभीच असते की मी. अजून किती हलायचं?’ मला उत्तर सुचलं नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. त्याच सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ३५ टक्क्यांहून अधिक मुलं वयाच्या मानाने बुटकी होती. ही दोन दुखणी एकाच वस्तीत, कित्येकदा एकाच घरात नांदतात. एवढ्या लोकांचा एकाच वेळी जिभेवरचा ताबा सुटला, हे मला पटत नाही.

फुकट उपचार मिळाले की लोक बेफिकीर होतील, असाही एक युक्तिवाद असतो. सरकार गुडघा बदलून देणार म्हणून आजवर कुणी वजन वाढवलेलं नाही. हेल्मेट न घालता पडलेल्या पोरालाही आपण आधी टाके घालतो. ती माणुसकी लठ्ठ माणसापाशीच का आटावी? समाजाने हा खर्च उचलायलाच हवा, आणि तोही आजाऱ्याला न हिणवता.

पण जो साखर-मैद्याचा माल विकून कमावतो, त्यानेही वाटा उचलला पाहिजे. ब्रिटनने २०१८ मध्ये साखरेच्या पेयांवर कर लावला, तो साखरेच्या प्रमाणानुसार. परिणाम असा, की कर लागू होण्याआधीच बऱ्याच कंपन्यांनी साखर घटवली. केरळने २०१६ मध्ये पिझ्झा-बर्गरवर १४.५ टक्के कर लावून पाहिला, जीएसटी आल्यावर तो गेला. आज आपल्याकडे गोड फसफसत्या पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, हे योग्यच. पण सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. पुडा स्वस्त झाल्याने मावशींचे दोन पैसे वाचत असतील तर मी त्याच्या आड येणार नाही. मग त्यात साखर आणि मैदा किती, हे तरी पुढच्या बाजूला ठळक छापा. चिलीत २०१६ पासून अशा पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे असतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२५ मध्ये याबाबतचे नियम तीन महिन्यांत मार्गी लावायला सांगितलं होतं.

आणि मुळावरचा खर्च तर आपण करायलाच तयार नाही. २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारने शालेय पोषण आहारातल्या अंड्यांचा वेगळा निधी बंद केला आणि शाळांना लोकसहभागाचा रस्ता दाखवला. ज्या मुलांचे स्नायू आईच्या पोटातच खुरटले, त्यांच्या तोंडचं अंडं काढून आपण काही रुपये वाचवले. वीस वर्षांनी त्यांच्याच मधुमेहाच्या गोळ्यांवर ते खर्च करावे लागतील. सरकारने हा निधी पुन्हा सुरू करावा, आणि थंड पेयांच्या करातून आलेला पैसा आधी तिकडे वळवावा.